गाडी किलोवर देऊ नका

कोरीटच्या मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. गोठ्याशेजारी, लिंबाखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी मारुती किंवा जीप भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी चार दिवस थांबा. काट्यावर चढली की अख्ख्या गाडीचे लोखंड होते. सेल्फ, डायनमो, हेड, रेडिएटर सगळे एकाच भावात जाते, आणि पुढे तेच सुटे होऊन विकले जाते. तो पैसा तुमच्या घरात आला पाहिजे.

पान्हा हातात घेण्याआधी मात्र कागद. मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या गाडीवर एमएच १८ असू शकते. पण तेवढ्यासाठी धुळ्याला हेलपाटा नको. गाडी जिथे उभी असते तिथल्या, म्हणजे नंदुरबारच्या कार्यालयात कळवायचे असते. हे टाळू नका. नोंद तुमच्या नावावर आणि नंबर प्लेट भलत्याच्या हाती राहिली, तर उद्या पोलीस तुमच्याच दारात येतील.

नवी गाडी घ्यायची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या स्क्रॅप केंद्राचाही विचार करा. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. पण तिकडे द्यायची असेल तर पार्ट आधी काढू नका. पोकळ केलेली गाडी ते कशी घेतात, हे आधी विचारून घ्या.

आता पार्ट. मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन ओम्नीतही होते. ८०० चे उत्पादन २०१४ ला थांबले, ओम्नीचे २०१९ ला. तरी खेड्यापाड्यांत दोन्ही अजून धावताना दिसतात आणि त्यांच्या मालकांना सुटे भाग लागतात. इंजिन सुरू होत असेल तर खोलण्याआधी गिऱ्हाइकाला चालू करून दाखवा. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. हेड निघाले की उपडे ठेवा, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका. पट्टीखालून उजेड झिरपला तर हेड वाकले आहे. तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, खोटे बोलून विकू नका. ब्लॉकवर इंजिन नंबर असतो, म्हणून तो देताना कागदांची प्रत द्या आणि घेणाऱ्याची सही व ओळखपत्राची प्रत ठेवा.

२००० नंतरच्या पेट्रोल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक फुगीर डबा असतो. आत पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो सायलेन्सरसोबत पत्र्याच्या भावात कधीही देऊ नका. घरी फोडूही नका, आतली धूळ छातीला वाईट.

काही जण म्हणतात, इंजिन विहिरीवर बसवू. पेट्रोल गाडीचे बसवू नका, असे माझे ठाम मत आहे. शेतीच्या इंजिनाला फेरे आवरणारा गव्हर्नर असतो. गाडीत ते काम चालकाचा पाय करतो. पंपाने हवा धरली, भार सुटला, की हे इंजिन बेफाम फिरते आणि जवळ कुणी नसेल तर स्वतःला फोडून घेते. पेट्रोलचा खर्च वेगळाच. त्यापेक्षा न विकले जाणारे इंजिन नंदुरबारच्या आयटीआयला हवे आहे का, ते विचारा. आपलीच पोरे त्यावर हात बसवतील.

शेवटचे, आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचे. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे मिळतात. काळे ऑइल कॅनमध्ये भरून ठेवा आणि जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. बांधावर, नाल्यात, विहिरीच्या काठी ओतू नका. त्याच विहिरीचे पाणी मिरचीला जाते आणि घरातल्या माठातही.