विश्लेषण : डिस्कस मासा पाळायचाय? आधी पाणी तयार करा!

दुकानातील टाकीत बशीसारखा गोल, निळ्या-लाल नक्षीचा डिस्कस दिसला की पाय थबकतात. मग टाकी, फिल्टर, खडे आणि मासे अशी सगळी खरेदी एकाच संध्याकाळी होते. पंधरवड्यात मासे काळवंडतात, खाणे सोडतात आणि एकेक करून दगावतात. ‘डिस्कस फार नाजूक’ असे म्हणून विषय संपवला जातो. पण अनेकदा चुकतो तो खरेदीचा क्रम.

हा मासा मूळचा कुठला?

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तेथील संथ पाणी उबदार, मृदू आणि आम्लधर्मी असते. मात्र बाजारातील बहुतेक डिस्कस आता पैदास केंद्रांत पिढ्यानपिढ्या वाढलेले असतात. त्यामुळे त्यांच्यासाठी घरात ॲमेझॉन उभी करण्याची गरज नाही. पाणी स्वच्छ आणि स्थिर हवे, एवढीच त्यांची अट असते.

पाणी ‘तयार’ होते म्हणजे काय?

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मासे न सोडता अमोनियाचे थेंब घालून फिल्टर सुरू ठेवावा. चाचणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की पाणी तयार झाले.

टाकी केवढी हवी?

पूर्ण वाढलेला डिस्कस १५ ते २० सेंटिमीटरचा होतो आणि तो कळपात राहतो. दोन-तीनच मासे ठेवले तर बलवान मासा दुबळ्याला खाऊ देत नाही. म्हणून किमान पाच-सहा मासे आणि सुमारे २५० लिटरची टाकी हवी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत एवढे पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन पाव टन होते. त्यामुळे टाकी टीव्हीच्या कपाटावर नको, भक्कम स्टँडवरच ठेवावी.

नळाचे पाणी चालेल का?

चालेल, पण थेट नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करते आणि फिल्टरमधील जिवाणूही मारते. त्यासाठी क्लोरीननाशक द्रावण वापरावे. बोअरवेलचे पाणी बरेचदा जड असते. ते आधी तपासून घ्यावे. तापमान २८ ते ३० अंश हवे. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात हीटरशिवाय ते टिकत नाही. आठवड्याला किमान एक तृतीयांश पाणी बदलावे आणि नवे पाणी त्याच तापमानाचे असावे. जिथे वीज वारंवार जाते, तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवावा.

मासे निवडताना काय पाहावे?

दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावे. जो मासा झेपावून खातो, तो घ्यावा. कोपऱ्यात दडलेला, काळपट पडलेला किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा स्वस्तात मिळाला तरी नको. लहान अंगाला मोठे डोळे हे खुंटलेल्या वाढीचे लक्षण असते. पुढे नवे मासे आणताना ते तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच जुन्यांत सोडावेत.

मग नवख्यांनी डिस्कस पाळूच नये का?

जरूर पाळावा, पण टाकी घेतली त्याच दिवशी नव्हे. टाकी आणि मासे एकाच पिशवीत बांधून देणारा दुकानदार ग्राहकाचे पैसे आणि माशांचा जीव, दोन्ही पणाला लावतो. ‘पाणी तपासून दीड महिन्याने या’ असे सांगणारा दुकानदार खरा हितचिंतक. आठवड्याला पाणी बदलण्यासाठी तासभर काढणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी गप्पी किंवा प्लॅटीसारख्या सोशिक माशांपासून सुरुवात करावी. जे थांबतील, त्यांना कदाचित एक दुर्मीळ दृश्यही घरबसल्या दिसेल. डिस्कसची पिल्ले आई-बापाच्या अंगाला बिलगून त्यांच्या त्वचेवरील स्रावावर वाढतात आणि दोघे आळीपाळीने त्यांना पाजतात.