बाळाआधी आई पोहोचायला हवी

वऱ्हाडात जुन्या माणसांच्या तोंडी एक समज आजही ऐकू येतो. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. वैद्यकशास्त्राला तो मान्य नाही. गर्भातील प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देत असतो, त्यामुळे आठव्या महिन्यातील बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातील बाळापेक्षा अधिकच असते. फुप्फुसांची तयारी किती झाली आहे आणि ती अपुरी असल्यास मदत किती लवकर मिळते, या दोन गोष्टींवर अशा बाळाचे भवितव्य ठरते. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत यातील दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातील होती.

श्वास का अडतो?

फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत, यासाठी त्यांच्या आतील बाजूस एका स्निग्ध द्रव्याचा थर असतो. त्यास सर्फॅक्टंट म्हणतात. गर्भात ते साधारण २४व्या आठवड्यापासून तयार होऊ लागते आणि ३४-३५व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटतात. ते पुन्हा उघडताना बाळ थकून जाते.

अमेरिकेतील डॉ. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे कारण १९५९ मध्ये दाखवून दिले, पण उपचार हाती आला नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून अधिक होते. तरीही याच विकाराने तो ३९ तासांत दगावला. १९७१ मध्ये सतत सौम्य दाबाने हवा देणारी सीपॅप पद्धत आली. १९८० मध्ये जपानचे डॉ. फुजिवारा यांनी प्राण्यांच्या फुप्फुसांपासून मिळवलेले सर्फॅक्टंट श्वासनलिकेतून देऊन बाळे वाचवता येतात, हे दाखविले. महासत्तेच्या अध्यक्षाच्या मुलाला जे मिळू शकले नाही, ते उपचार आज भारतातील अनेक नवजात शिशू अतिदक्षता कक्षांत होतात.

निदान सोपे, वेळ थोडा

या विकाराची पहिली लक्षणे ओळखण्यास मोठ्या यंत्राची गरज नसते. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, प्रत्येक उच्छ्वासासोबत कण्हल्यासारखा आवाज, फुलणाऱ्या नाकपुड्या, आत ओढली जाणारी छाती आणि निळसर ओठ ही ती लक्षणे होत. प्रशिक्षित परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती ती पाहू शकते. जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा फुप्फुसांत राहिलेले पाणी यांपासून हा विकार वेगळा काढण्यासाठी एक्स-रे व रक्ततपासणी लागते. मात्र सर्व तपासण्या होईपर्यंत वाट पाहण्याची सवड नसते. पहिल्या काही तासांतच बाळाला ऊब आणि सीपॅपचा आधार मिळावा लागतो.

यात ऑक्सिजनची मात्राही मोजूनमापून द्यावी लागते. कमी पडला तर मेंदूला इजा होते, अधिक झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या बाळांच्या फुप्फुसांना कायमची हानी पोहोचू शकते. त्यामुळे यंत्रापेक्षा त्याच्याजवळ अहोरात्र बसणाऱ्या जाणत्या परिचारिकेचे मोल मोठे. भंडारा जिल्हा रुग्णालयातील शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बाळांचा बळी गेला. यंत्रांनी भरलेला कक्ष आणि सुरक्षित कक्ष यांतील फरक त्या रात्री राज्याने पाहिला.

स्वस्त इंजेक्शनाची अट

या विकाराला अटकाव करणारा सर्वांत स्वस्त उपाय बाळ जन्मण्याआधीच करायचा असतो. न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले की, मुदतीआधी प्रसूत होऊ घातलेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. केंद्र सरकारने २०१४ मध्ये २४ ते ३४ आठवड्यांच्या मातांसाठी डेक्सामेथासोनच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. दर बारा तासांनी सहा मिलिग्रॅम, अशा चार मात्रा. खर्च किरकोळ.

पण हे इंजेक्शन कोठेही टोचून चालत नाही. भारतासह सहा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे एक केंद्र नागपूर होते, गावपातळीपर्यंत त्याचा वापर वाढविण्यात आला. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष धक्कादायक होता. लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू वाढले. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी अनेक माता पुढे पूर्ण दिवसांच्या प्रसूत झाल्या होत्या. उलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, भारतासह पाच देशांतील सुसज्ज रुग्णालयांत, नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. दोन्हींचा अर्थ एकच. गर्भाचे दिवस अचूक माहीत असतील आणि प्रसूती नवजात कक्ष असलेल्या ठिकाणी होणार असेल, तरच हे औषध तारते.

मेळघाटचे अंतर

ही अट वऱ्हाडाच्या नकाशावर ठेवून पाहिली की अडचण ध्यानात येते. मेळघाटातील बालमृत्यू १९९३ पासून गाजत आहेत. धारणीहून अमरावतीचे डफरीन रुग्णालय घाटरस्त्याने सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे. अकोल्याच्या लेडी हार्डिंग स्त्री रुग्णालयावर आणि २००२ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर अकोल्याखेरीज वाशीम व बुलडाण्याचाही भार राहिला आहे. अमरावती, वाशीम आणि बुलडाणा येथील नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्याने भार हलका होईल, पण घाटातले अंतर कमी होणार नाही.

दीड किलोचे बाळ घाटातून आणताना थंडावते. थंडावलेल्या बाळाला अधिक ऑक्सिजन लागतो आणि त्याचे सर्फॅक्टंट आणखी घटते. ज्या विकारावर उपचारासाठी प्रवास, तो विकार प्रवासातच बळावतो. यावर आईचा गर्भ हीच सर्वोत्तम रुग्णवाहिका, असे नवजात शिशुतज्ज्ञ मानतात.

आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर योजना आहे. गरोदर स्त्रीने प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस येऊन राहावे, ही तिची कल्पना. मात्र अपुऱ्या दिवसांची प्रसूती तारखेच्या महिना-दोन महिने आधी येते, तेव्हा माहेरघर रिकामेच असते. शिवाय कोरकू कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी हुकली, तर दिवसांचा हिशेबच अंदाजावर येतो.

मोजायचे काय?

यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात. प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिली सोनोग्राफी वेळेत व्हावी. आधी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झालेल्या, जुळी असलेल्या किंवा रक्तदाब वाढलेल्या मातांना सातव्या महिन्यापासूनच जिल्हा रुग्णालयाच्या जवळ राहण्याची, बुडालेल्या मजुरीच्या भरपाईसह, सोय मिळावी. आणि मुदतीपूर्वी कळा सुरू झाल्यास १०८ची गाडी मातेला थेट नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात न्यावी.

नवजात कक्षांत रुग्णालयातच जन्मलेली आणि बाहेरून आणलेली अशी बाळांची वेगळी नोंद होते. दोन्ही जिल्ह्यांनी हे आकडे, ३४ आठवड्यांआधी प्रसूत झालेल्या किती मातांना इंजेक्शन मिळाले या आकड्यासह, दर महिन्यास जाहीर करावेत. व्हेंटिलेटर किती आले, हे सांगणारी पत्रके पुष्कळ निघतात. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या बाळांची संख्या घटत असेल, तर आई वेळेत पोहोचू लागली, असे म्हणता येईल.