यील्डचा हिशेब रोटरला लावू नका

फोर्जिंगचे कोटेशन करायला बसलो की आपण सगळ्यात आधी कटवेट काढतो. फिनिश वजन, मशिनिंग अलाउन्स, फ्लॅश, स्केलमध्ये जाणारा माल, बारच्या टोकाचे तुकडे. यील्ड एकदोन टक्क्यांनी सुधारला तर वर्षाचा नफा हलतो, हे भोसरीपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही शॉपमधल्या माणसाला सांगावे लागत नाही. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, गिअर ब्लँक यांच्यासाठी हा हिशेब अगदी बरोबर आहे. या अंकाचा मुख्य विषय मात्र जेट इंजिनाचा पात्यांसकट एकाच तुकड्यातून बनणारा रोटर हा आहे. आपल्याकडे त्याची उत्सुकता वाढते आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण यील्डचे डोके घेऊन तिकडे गेलो, तर भलताच प्रश्न सोडवत बसू.

जुन्या रचनेत डिस्कच्या कडेला डव्हटेल खाचा पाडतात आणि त्यांत एकेक ब्लेड सरकवतात. डिस्क फिरू लागली की सगळ्या ब्लेडांचा ओढा त्या खाचांवर येतो आणि तडा बहुधा तिथूनच निघतो. ब्लेड आणि डिस्क एकच केली की खाचा गेल्या, त्या पेलण्यासाठी कडेला ठेवलेला जाड धातू गेला, फटींतून होणारी हवेची गळतीही गेली. यालाच ब्लिस्क म्हणतात. हेलिकॉप्टरच्या जीई टी-७०० इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये तो आला, पुढे युरोफायटरच्या ईजे-२०० मध्येही आला. बहुतेक ठिकाणी आजही तो असाच बनतो: टायटॅनियमची किंवा निकेल मिश्रधातूची जाड चकती फोर्ज करायची आणि पाच अक्षांच्या मशीनवर दोन ब्लेडांमधला सगळा धातू कोरून काढायचा. महागड्या फोर्जिंगचा मोठा हिस्सा चिप होऊन टोपलीत पडतो. ते पाहून फोर्जिंगवाल्याच्या पोटात कालवते. ब्लेडसुद्धा डायमध्येच का उठवत नाही, असे तो विचारतो.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे एक उत्तर अर्ध्या शतकापूर्वी देऊन झालेले आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने अवघड फोर्जिंगसाठी टनेज वाढवण्याचा मार्ग धरला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्राफ्टन इथे वायमन-गॉर्डनची ५०,००० टनांची प्रेस १९५५ मध्ये सुरू झाली ती त्याच कार्यक्रमातून. विमानाच्या सांगाड्याचे मोठे भाग तिने उत्तम दिले. पण टर्बाइन डिस्कसाठी जे मिश्रधातू लागू लागले, ते नुसत्या टनेजला दाद देईनात. आयएन-१०० सारखे निकेल मिश्रधातू मुळात ओतकामाचे. त्यांत ताकद देणारी गॅमा प्राइम ही अवस्था इतकी, की घाव घातला तर ते वाकण्याऐवजी फुटतात.

फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचच्या केंद्रात प्रॅट अँड व्हिटनीच्या मूर आणि एथी या दोघांनी उलटा रस्ता धरला. त्यांचे पेटंट १९७० चे, आणि पद्धतीचे नाव गेटरायझिंग. आधी मालावर रीक्रिस्टलायझेशनच्या तापमानाच्या थोडे खाली भरपूर काम करायचे, म्हणजे ग्रेन काही मायक्रॉनइतका बारीक होतो. पावडरपासून काम असेल तर हे एक्स्ट्रूजनमध्येच साधते. त्या अवस्थेत, योग्य तापमानाला आणि पुरेशा संथ गतीने दाबला, तर हाच हट्टी धातू सुपरप्लास्टिक होतो. ही वागणूक पिअर्सन यांनी १९३४ मध्येच बिस्मथ-टिनच्या मिश्रधातूत दाखवली होती, त्यांचा नमुना १,९५० टक्के ताणला गेला होता. फोर्जिंग झाल्यावर हीट ट्रीटमेंट देऊन ग्रेन हवा तेवढा वाढवायचा आणि ताकद परत आणायची. म्हणजे मऊपणा धातूला तेवढ्या वेळापुरता उसना दिलेला असतो. एफ-१५ आणि एफ-१६ विमानांच्या एफ-१०० इंजिनाच्या डिस्क या पद्धतीने बनल्या.

यात अट एकच, पण जबर आहे. डाय मालाइतकीच गरम हवी. लाडवाचा पाक हातातच गार होऊ लागला की लाडू वळत नाही, तशी गत गार डायवर टेकलेल्या बिलेटची होते: बाहेरचा थर घट्ट, आतला मऊ, आणि सगळे काम मधल्या पट्ट्यातच होते. स्टीलच्या फोर्जिंगमध्ये आपण डाय दोनतीनशे अंशांवर ठेवतो आणि गतीने ही अडचण मारून नेतो. आयसोथर्मल फोर्जिंगमध्ये ती सोय नाही. निकेलसाठी डायचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि तिथे टिकणारी डाय मॉलिब्डेनमच्या टीझेडएम मिश्रधातूची. मॉलिब्डेनम इतक्या तापमानाला हवेत ऑक्साइड होऊन अक्षरशः उडून जातो, म्हणून डाय आणि माल व्हॅक्यूममध्ये किंवा निष्क्रिय वायूत बंद ठेवावे लागतात. आता गती पाहा. सेकंदाला ०.००१ हा स्ट्रेन रेट धरला, तर चकतीची उंची निम्मी करायला साडेअकरा मिनिटे लागतात. आपल्या क्रँक प्रेसवर तेवढेच काम सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होते. पाळीत किती नग निघाले यावर सुपरवायझरचे मोल ठरवणाऱ्या धंद्याला हे पचायला जड आहे.

टायटॅनियममध्ये तापमान कमी, त्यामुळे डाय निकेल मिश्रधातूची आणि काम हवेतही चालते. पण तिथे गतीचा वेगळाच धोका आहे. टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतो. जोरात घाव घातला तर कामातून निघालेली उष्णता एका पट्ट्यात साठते, तेवढाच भाग बीटा ट्रान्ससच्या, म्हणजे रचना बदलण्याच्या तापमानाच्या, वर जातो आणि त्याची रचना बाकीच्या तुकड्यापेक्षा वेगळी होते. भट्टीचा चार्ट निर्दोष असतो, माप बरोबर असते, आणि तरी मॅक्रो एचिंगमध्ये तो पट्टा उघडा पडतो.

आता पुन्हा ब्लेडांकडे. गेटरायझिंगच्या पाठोपाठ ब्लेडसकट रोटर फोर्ज करण्याच्या डायचीही पेटंटे आली. ब्लेड पिळलेले असते, त्यामुळे डाय सरळ वर उचलून सुटत नाही. म्हणून डिस्कच्या परिघावर इन्सर्टांचे कडे बसवायचे, दर दोन इन्सर्टांमधल्या पोकळीत एक ब्लेड उठवायचे, आणि काम झाल्यावर इन्सर्ट एकेक करून मोकळे करायचे. सुपरप्लास्टिक धातू त्या अरुंद पोकळ्या भरतो, हे खरे. घोटाळा नंतर होतो. टीझेडएमपेक्षा निकेल मिश्रधातू थंड होताना जवळजवळ तिप्पट आकसतो. ५०० मिमी व्यासाच्या रोटरचा ढोबळ हिशेब करा: हजार अंश उतरताना रोटर सुमारे साडेसात मिमी आकसतो, डाय पावणेतीन मिमी. फरक जवळपास पाच मिमी, आणि त्याची सगळी ओढ अडकलेल्या पातळ ब्लेडांच्या मुळावर. तडा जाऊ द्यायचा नसेल तर रोटर लालभडक असतानाच डायमधून मोकळा करायला हवा, तोही व्हॅक्यूम न सोडता. यांत्रिक करामत म्हणून हे वाखाणण्यासारखे आहे. पण रोज चालवायची म्हटली तर तिच्यावरचे प्रेम आटते.

तरी खरी अडचण यांत्रिक नाही असे आमचे मत आहे. ती तपासणीची आहे. रोटर डिस्कचे फोर्जिंग आधी ढोबळ मशीन करून सरळ, चौकोनी कडांच्या आकारात आणतात आणि पाण्याच्या टाकीत बुडवून अल्ट्रासॉनिकने प्रत्येक बाजूने बघतात. प्रोबला सपाट पृष्ठभाग हवा. पृष्ठभागाखालचे पहिले काही मिलिमीटर त्याला नीट दिसत नाहीत, म्हणून तेवढा जादा धातू वर हवाच. ज्याला आपण वाया गेलेला अलाउन्स म्हणतो, त्याचा एक मोठा हिस्सा म्हणजे आत पाहण्यासाठी ठेवलेली खिडकी असते. फोर्जिंग जितके अंतिम आकाराजवळ नेऊ, तितकी ही खिडकी लहान होते. पिळलेल्या ब्लेडांच्या जंगलातून डिस्कच्या कडेत काय दडले आहे ते प्रोबने सांगावे, ही अपेक्षाच चूक. पाच अक्षांच्या मशीनपुढे फोर्जिंगवाल्यांनी हार खाल्ली असे म्हणण्यात अर्थ नाही. चिपांत जाणारा धातू तपासणीचे काम करून मगच जातो.

आत काय दडते, याची किंमत या व्यवसायाने मोजलेली आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या फ्लाइट २३२ च्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियम फॅन डिस्क हवेत फुटली. अमेरिकेतल्या सू सिटीला विमान कोसळले, २९६ पैकी ११२ जण गेले. मूळ दोष होता इन्गॉट वितळवताना आलेला, नायट्रोजनने कडक झालेला, अल्फा अवस्थेतला एक कण. १९७१ मध्ये दोनदा वितळवलेला तो इन्गॉट बिलेट झाला, डिस्क झाली, सतरा वर्षे उडली. देखभालीत तडा नजरेतून सुटला ही गोष्ट वेगळी आणि गंभीर आहेच. पण फोर्जिंगने त्या कणाचे काहीही बरे केले नव्हते, करताही आले नसते.

हा जुना काळ होता असे समजू नये. २४ डिसेंबर २०२२ रोजी एका ए-३२० निओचे उड्डाण धावपट्टीवरच थांबवावे लागले, कारण त्याच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाच्या हाय प्रेशर कॉम्प्रेसरचा सातव्या टप्प्याचा रोटर तुटला होता. रोटर आपल्या आजच्या विषयातलाच, ब्लेडसकट एकसंध. मूळ पुन्हा मालात सापडले. पुढच्या वर्षी कंपनीने जाहीर केले की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत बनवलेल्या काही धातूपावडरमध्ये अशुद्धी होती, आणि ६०० ते ७०० जादा इंजिने विमानांवरून उतरवून तपासावी लागतील. आपल्याकडे इंडिगोची विमाने डझनांनी जमिनीवर उभी राहिली, त्यामागे हेही कारण होते. गेटरायझिंग ज्या घरात जन्मले त्याच घरातली ही गोष्ट आहे. दोष प्रेसवर येण्याआधीच मालात बसलेला होता.

देशात या दिशेने जे झाले त्यात हैदराबादच्या डीएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचे काम सगळ्यात ठोस वाटते. मे २०२१ मध्ये डीआरडीओने जाहीर केले की २,००० टनांच्या आयसोथर्मल प्रेसवर अडूर इंजिनाच्या हाय प्रेशर कॉम्प्रेसरच्या पाचही टप्प्यांच्या टायटॅनियम डिस्क तिथे फोर्ज होतात. अडूर म्हणजे जग्वार आणि हॉकचे इंजिन. तंत्र मिधानीकडे सोपवले गेले, दोघांनी मिळून २०० फोर्जिंगे एचएएलच्या बेंगळुरूच्या इंजिन विभागाला दिली. यात आम्हाला आवडलेली बाब टनेजची नाही, ते तर माफकच आहे. माल वितळवणारा, फोर्ज करणारा, वापरणारा आणि उड्डाणयोग्यतेचा शिक्का देणारा हे सगळे एका टेबलाशी होते. आपल्या खासगी शॉपना हे टेबल मिळत नाही, मिळवावे लागते.

पुण्याच्या भारत फोर्जने २०१६ मध्ये बोइंग ७३७ साठी टायटॅनियमचे फ्लॅप ट्रॅक फोर्जिंग पाठवले, तेव्हा आपल्या भागात उत्साह आला आणि तो योग्य होता. पण फ्लॅप ट्रॅक फिरत नाही. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागाच्या मंजुरीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाचे यश दाखवून दुसऱ्याचे काम मागायला गेलेल्यांना समोरच्या टेबलावर गप्प बसावे लागते.

म्हणून प्रेसच्या किमती विचारण्याआधी आमचा सल्ला स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. आपल्या भट्टीपासून सुरुवात करा. एएमएस २७५० या मानकाप्रमाणे वर्ग ५ च्या भट्टीत सर्वत्र अधिक-उणे १४ अंश चालतात, वर्ग २ मध्ये फक्त ६. आपली भट्टी नक्की कुठल्या वर्गात बसते, हे नऊ थर्मोकपल लावून मोजलेले आहे का? दरवाजा उघडून बिलेट काढल्यावर ते डायवर टेकेपर्यंत किती सेकंद जातात, आणि रात्रपाळीत तो आकडा तोच राहतो का? आहे त्याच हायड्रॉलिक प्रेसवर एक टायटॅनियमची वडी संथ अपसेट करा, मधोमध कापा, एच करा आणि केंद्र, मधला भाग, कड इथला ग्रेन शेजारी शेजारी ठेवा. त्या तीन फोटोंनी खरेदीचा निर्णय बदलू शकतो. आणि काम मिळालेच, तर पहिल्या नगांपैकी काही ग्राहक कापून बघणार हे धरून चाला. किती कापायचे ते तोच ठरवतो, पण त्यांचा खर्च कोटेशनमध्ये यील्डच्या आकड्यात मुरवू नका, स्वतंत्र ओळीत लिहा.