सहयोगिनीचे मोल

मुदखेड परिसरातील फुलशेतीत खुडणी बहुधा स्त्रियांच्या हातची. भाव मात्र नांदेडच्या बाजारात ठरतो. अशा स्त्रीला नुसते कर्ज दिल्याने धंदा उभा राहत नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचतगटांत सहयोगिनी असते ती यासाठीच. यंदा काय साधायचे, हिशेब कोण लिहिणार, हप्ता चुकला तर काय, हे ती विचारते आणि पुढल्या बैठकीत पुन्हा विचारते. (शहरांतील कंपन्या अशाच मार्गदर्शनासाठी तासावर शुल्क मोजतात!) नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला, तेव्हापासून कर्जाचे आकडे मोजले जातात, हे श्रम नव्हेत. सहयोगिनीचे मानधन हा खर्च नसून भांडवली गुंतवणूक आहे, असे धरूनच शासनाने अंदाजपत्रकात त्याची तरतूद करावयास हवी.