डिझेलचा चंदा कोण देणार?

पूर आला की आपल्याकडे ट्रकची मिरवणूक निघते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये महाड-चिपळूण. ट्रकवर बॅनर, बॅनरवर फोटो, आत बिस्किटे आणि जुने कपडे.

तांदळाचे पोते द्यायला दहा हात पुढे येतात. डिझेलचे पैसे मागा, लगेच ऐकायला मिळते, "आमचा पैसा गरिबाच्या पोटात गेला पाहिजे." मग तांदूळ काय चालत जाणार आहे? टायर गुळगुळीत झालेले, ब्रेक कधी तपासले कुणाला ठाऊक नाही, आणि रात्रभर जागलेला ड्रायव्हर पहाटे कुंभार्ली घाट उतरतोय. सवाबचे काम म्हणून त्याला भत्ताही नाही!

मोठ्या मदतसंस्थांत पगारानंतरचा सर्वात मोठा खर्च बहुधा वाहनांचाच असतो. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९७ पासून देशोदेशीच्या आपल्याच मदतकार्यांना गाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. दरमहा भाडे भरायचे म्हटल्यावर बिनकामाची गाडी दारात कोण उभी ठेवील? आपल्या मोहल्ल्यातल्या टेम्पोवाल्यालाही हे कळते.

आमच्या कमिट्यांकडे पावतीपुस्तक असते, गाडीची वही नसते. (मी शिक्षक, हजेरीपटाशिवाय मला चैन पडत नाही.) किती किलोमीटर, किती डिझेल, कुठे फेरी, येताना गाडी रिकामी का आली, एवढे लिहायला एक शंभर पानी वही पुरे. येत्या पावसाळ्याआधी चंद्याच्या पेटीशेजारी दुसरी पेटी ठेवा: ‘डिझेल, टायर, ड्रायव्हर’. तिच्यात पहिली नोट माझी.