अमेरिकेतला मुलगा आणि न सरणारी रांग

मराठी कथा-नाटकांनी गेल्या पन्नास वर्षांत जी काही पात्रे रूढ केली, त्यांत ‘अमेरिकेतला मुलगा’ हे फार चिवट पात्र ठरले. तो रंगमंचावर क्वचितच दिसतो. पूर्वी त्याचे पत्र येई, मग फोन येऊ लागला, आता मोबाइलच्या पडद्यावर चेहरा येतो. तो स्वतः मात्र येत नाही. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’पासून आपण त्याला ओळखतो, आणि त्याच्याविषयीचा आपला निकालही तेव्हापासून लिहून तयार आहे: यायचेच असते तर आला असता.

हा निकाल एका विशिष्ट काळात रास्त होता असे मला वाटते. तो काळ सरून बरीच वर्षे झाली, तरी वर्गात आणि परीक्षणांत आपण तोच निकाल वाचून दाखवत आहोत. निवडीचे स्वातंत्र्य असलेल्या माणसाची नैतिक चिकित्सा करणे वेगळे आणि यादीत अडकलेल्या माणसाची करणे वेगळे. हा फरक समजून घ्यायचा तर काही काळ साहित्य बाजूला ठेवून अमेरिकी स्थलांतर-कायद्याचे रुक्ष अंकगणित पाहावे लागेल.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा भारतीयांसाठी संख्येची मर्यादा अशी नव्हती. ती नव्हती, कारण तिची गरजच कुणाला भासली नव्हती. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरवला आणि भारत त्यात गेला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असे ठरवले. दार किलकिले झाले ते १९४६ मध्ये: वर्षाला १०० भारतीय! केतकरांनी कॉर्नेलमध्येच भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. जन्मावरून माणसाची जागा ठरवण्याची कला ही एकट्या भारताची मिरासदारी नाही, याचा पुरावा त्याच देशाने पुढच्या चाळीस वर्षांत भरभरून दिला.

१९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटे मोडीत काढले. नागरी हक्कांच्या चळवळीचे ते दिवस होते आणि कायद्याच्या कर्त्यांना समता हवी होती. त्यांनी ती कशी आणली? पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० ची सारखीच कमाल मर्यादा दिली. छोटा देश असो की भारतासारखा खंडप्राय, माप एकच. तेव्हा हे खटकण्याचे कारण नव्हते, कारण भारतातून जाणारेच थोडे होते. डॉक्टर, अभियंते, संशोधक यांची प्रतीक्षा आजच्या मानाने किरकोळ होती. ‘संध्याछाया’ १९७० च्या दशकातले नाटक आहे. त्या काळच्या मुलाला कार्ड मिळे, काही वर्षांनी नागरिकत्व मिळे, आणि मग राहायचे की परतायचे हा प्रश्न खरोखर त्याचा स्वतःचा असे. नाना-नानींच्या वाट पाहण्याला जी धार आहे ती यातून येते. दार उघडे आहे, आणि तरी तो येत नाही.

सांगाडा पुढे तसाच राहिला. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षाला किमान १,४०,००० कायम वास्तव्याचे परवाने ठरवले आणि देशागणिक मर्यादा एकूण परवान्यांच्या ७ टक्के केली. हे १,४०,००० निरनिराळ्या वर्गांत वाटले जातात. ज्या दुसऱ्या वर्गात आपली उच्चशिक्षित मुले बहुधा मोडतात, त्याच्या वाट्याला साधारण ४०,००० येतात आणि त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००. इतर देशांचे न वापरलेले परवाने कधीकधी झिरपून येतात, पण हक्काचे म्हणावे तर एवढेच. शिवाय यात बायको-मुलेही मोजली जातात, म्हणजे तिघांचे कुटुंब तीन परवाने खाते. आणि दुसऱ्या बाजूला, तात्पुरत्या कामाच्या एच-१बी व्हिसाचे वार्षिक ८५,००० नवे परवाने ठेवलेले आहेत, त्यांना देशागणिक मर्यादाच नाही आणि त्यातले बहुसंख्य भारतीयांकडे जातात. आत येण्याचा दरवाजा रुंद आणि बैठकीत शिरण्याचा दरवाजा अरुंद. मधल्या ओसरीत गर्दी होणार नाही तर काय होईल?

ही गर्दी सोलापूरकडच्या वाचकाला समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. दक्षिणेकडून मुंबईला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीचे तिकीट मधल्या स्थानकावरून काढणाऱ्याला वेगळा, तुटपुंजा कोटा असतो. गाडी तीच, डबा तोच, भाडे रीतसर भरलेले. पण गाडी सुटते त्या गावच्या माणसाचे वेटिंग चाळीसवरून कन्फर्म होते आणि आपले सहावरच राहते. आपण किती आधी तिकीट काढले याला अर्थ असतो, पण आपल्या कोट्याच्या आत. अमेरिकी यादीतही तसेच आहे. अर्ज दाखल झाल्याच्या तारखेला ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणतात आणि दरमहा परराष्ट्र खात्याचे व्हिसा बुलेटिन कोणत्या देशाची गाडी कोणत्या तारखेपर्यंत आली ते सांगते. २०२५ मध्ये या दुसऱ्या वर्गात भारताची तारीख २०१२ आणि २०१३ यांच्या आसपास घुटमळत होती. बहुतेक इतर देशांची २०२३ मध्ये पोचली होती. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या जर्मन सहकाऱ्याला दोनेक वर्षे आणि याला बारा. त्यातही एक फसगत आहे. बारा वर्षे ही आज ज्यांचा नंबर लागला त्यांची प्रतीक्षा. आज जो रांगेच्या शेवटी उभा राहतो त्याच्या पुढे लाखो माणसे आहेत, आणि त्याची प्रतीक्षा कित्येक दशकांची निघते. भर म्हणून ही तारीख पुढेच जाईल असेही नाही. मागणी वाढली की ती मागे जाते. ज्याचा नंबर जानेवारीत लागला होता त्याचा मार्चमध्ये लागलेला नसतो. काळ मागे नेणारे कॅलेंडर ही कल्पना एखाद्या प्रयोगशील कादंबरीकाराने काढली असती तर आपण तिच्यावर चर्चासत्र भरवले असते.

कोट्याचा देश कोणता, हे कशावरून ठरते? नागरिकत्वावरून नव्हे, जन्मस्थळावरून. समजा, एका कुटुंबातला थोरला मंद्रूपच्या आजोळी जन्मला आणि वडील नोकरीसाठी मस्कतला गेल्यावर धाकटा तिथे. दोघांचा पासपोर्ट भारताचा, दोघांची भाषा घरातली मराठी (आणि मंद्रूपचे असल्यामुळे थोडी कन्नडही), पदवी एकाच महाविद्यालयाची. धाकटा ओमानच्या खात्यावर जमा होतो आणि लवकर सुटतो. थोरला भारताच्या रांगेत राहतो. फाळणीपूर्वी कराचीत जन्मलेला मराठी माणूस या हिशेबात पाकिस्तानचा. पळवाट एक आहे: जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या खात्यावर जाता येते. आपल्याकडे पत्रिका मांडताना जन्मवेळ आणि जन्मस्थळ दोन्ही लागतात. या पत्रिकेला जन्मस्थळ पुरते, आणि छत्तीस गुण जुळण्यापेक्षा वधूचा जन्म मस्कतचा असणे अधिक शुभ ठरते.

देशांना समान वागवले की माणसे आपोआप समान वागवली जातात, हा १९६५ चा भाबडा विश्वास होता. अर्थात मर्यादा काढून टाकणे हाही सरळ उपाय नाही. ती काढली तर रांगेचे पुढचे कैक वर्षांचे परवाने भारतीय आणि चिनी अर्जदारांकडे जातील आणि आज दोन वर्षे थांबणारा दुसऱ्या देशाचा माणूस दहा वर्षे थांबेल. त्याचा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. १० जुलै २०१९ रोजी तिथल्या प्रतिनिधिगृहाने नोकरीच्या परवान्यांवरची देशागणिक मर्यादा उठवणारे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले, डिसेंबर २०२० मध्ये सेनेटने निराळा मसुदा संमत केला, दोहोंचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. माझ्या मते खरा दोष ७ टक्क्यांपेक्षा १,४०,००० या आकड्यात आहे. तो १९९० मध्ये ठरला आणि तिथेच थिजला.

या रांगेतली माणसे दीनवाणी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे पगार चांगले आहेत; दक्षिण सोलापूरच्या कोरडवाहू शेतातला पोरगा त्या रांगेपर्यंत क्वचितच पोचतो. ‘कोटा’ हा शब्द इथे तिरस्काराने उच्चारणारी कित्येक घरे तिथे जन्मावरून मोजली जातात, यातली विसंगतीही नजरेआड करू नये. (इथले आरक्षण बंद दार उघडण्यासाठी आहे, तिथली मर्यादा उघडे दार लोटण्यासाठी, पण हा फरक करायला दोन्ही नीट वाचावे लागतात.) तरीही सुखवस्तू माणसाची कोंडी ही कोंडीच असते आणि साहित्याला तिचे वावडे असू नये.

२००७ च्या जुलैत या मंडळींनी एकदाच सामूहिक आवाज काढला. त्या महिन्याच्या बुलेटिनने जवळपास सर्वांच्या तारखा खुल्या केल्या, लोकांनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, वकिलांचे पैसे भरले, आणि २ जुलैला खात्याने कळवले की परवाने संपले. आदल्या वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता. अर्जदारांनी स्थलांतर खात्याच्या संचालकांना फुले पाठवली, शेकड्यांनी. संचालकांनी ती जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवली. १७ जुलैला खात्याने माघार घेऊन अर्ज स्वीकारायचे ठरवले. विनोदी वाटावा असा हा प्रसंग मराठी प्रेक्षकाच्या ओळखीच्या चित्रपटातून थेट वॉशिंग्टनमध्ये घडला, तरी आपल्या रंगभूमीला तो अजून हाताळावासा वाटला नसेल तर आश्चर्य आहे.

आता मूळ मुद्दा. परत येणे या मुलाच्या हातात असते, यात शंका नाही. पण ‘संध्याछाया’च्या काळात राहणे आणि परतणे अशी दोनच टोके होती, आज त्यांच्यामध्ये बारा-पंधरा वर्षांचा एक प्रदेश पसरला आहे, जिथे माणूस स्थायिकही नसतो आणि परतलेलाही नसतो. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. मालक बदलला तर तारीख जुनी टिकते, कागद मात्र बहुतेक पुन्हा करायचे. आईच्या आजारपणात यायचे तर परतीचा शिक्का वकिलातीत वेळेवर मिळेल का, याचा हिशेब आधी. चार वर्षांची असताना नेलेली मुलगी २१ वर्षांची झाली की बापाच्या अर्जातून गळते. २००२ च्या कायद्याने थोडी सवलत दिली, पण ती अर्जाच्या छाननीत गेलेल्या दिवसांची, रांगेत गेलेल्या वर्षांची नव्हे. तिला मग विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो किंवा ज्या देशाची शाळा तिने पाहिलेली नाही तिथे जावे लागते. थांबलेले प्रत्येक वर्ष परतणे अधिक महाग करते आणि राहणे अधिक पक्के करत नाही. या माणसाला कृतघ्न म्हणणारी कथा लिहिणे सोपे आहे. त्याची दिनदर्शिका समजून लिहिलेली कथा माझ्या वाचनात फारशी आलेली नाही. स्थलांतरितांच्या आपल्या लेखनात बर्फ आहे, गणेशोत्सव आहे, भाषा विसरणारी मुले आहेत. व्हिसा बुलेटिन मात्र शोधावे लागते.

आणि नाना-नानींचे काय? अमेरिकी नागरिकाच्या आई-वडिलांना कोटा लागत नाही. ते कुठल्याच रांगेत नसतात. पण नुसत्या ग्रीन कार्डधारकाच्या आई-वडिलांसाठी कायद्यात वर्गच नाही. मुलाने २०१३ च्या वसंतात अर्ज केला असेल तर त्याला कार्ड २०२५ च्या सुमारास, त्यानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, आणि मग त्यांचा. अर्ज केला तेव्हा वडील साठीचे असतील तर तोवर ते ७७-७८ चे होतात. तोपर्यंत त्यांना पर्यटक म्हणून जाता येते, एका खेपेला बहुधा सहा महिने, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला सांगावे लागते की आम्ही मुलाकडे राहायला आलेलो नाही, परत जाणार आहोत.