आधी शेजारच्या खोलीत दाखवा

शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले की त्याच्या दारी विक्रेता येऊन उभा राहतो, हा अनुभव नवा नाही. बियाणे, खते, औषधे, अवजारे यांच्या बाबतीत आमच्या शेतकरी बंधूंनी तो अनेक वेळा घेतला आहे, आणि त्यांतून ते पुष्कळसे सावधही झाले आहेत. परंतु अलीकडे विक्रेत्याच्या पिशवीत एक निराळीच वस्तू असते. ती पेरावयाची नसते की फवारावयाची नसते. तिच्यायोगे पाड्यावर, घरात बसल्या जागी फोनला रेंज मिळेल, असे तो सांगतो. कोणाजवळ ती फोनच्या पाठीस लावण्याची चकचकीत चिकटपट्टी असते, तर कोणाजवळ दिवे लुकलुकणारी पेटी. या वस्तूविषयी, आणि त्याहीपेक्षा ती विकत घेणाऱ्याच्या गरजेविषयी, येथे चार शब्द लिहावेत असे वाटते.

अशा विक्रेत्याला सातपुड्यासारखा मुलूख फार सोयीचा असतो. तोरणमाळचेच उदाहरण घ्या. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवरचे हे पठार. शहाद्याकडून वळणावळणाचा घाट चढून तेथे जावे लागते. पठारावर यशवंत तलाव आहे, आणि कडेला सीताखाईसारखी खोल दरी आहे. आसपासची वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली. एका घरापासून दुसरे घर हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. महाशिवरात्रीस गोरखनाथाच्या यात्रेला दुरून माणसे येतात व त्यांच्याबरोबर दुकानेही येतात. याच सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या माणसाची घरी वाट पाहिली जात असते. पुढे उन्हाळ्यात मोहफुले, चारोळी व आमचूर यांचे पैसे हाती येतात. गरज आणि पैसा अशा रीतीने जवळजवळ येतात, आणि नेमक्या त्या वेळी विक्रेता आपली पिशवी उघडतो.

त्याची रीत ठरलेली असते. प्रथम तो आपुलकीने विचारपूस करतो. घरचे कोण बाहेरगावी आहे, ते जाणून घेतो. मग भर बाजारात, जेथे रेंज आधीच असते तेथे, वस्तू फोनला लावून बोलून दाखवतो. आजचा भाव उद्या राहणार नाही, शेवटचे चारच नग उरले आहेत, पलीकडच्या गावच्या सरपंचांनी दोन घेतले, असे तो एका दमात सांगतो. ‘माझ्या पाड्यावर येऊन दाखवा,’ असे कोणी म्हटले की मात्र त्याचा सूर पालटतो. वस्तू आठ दिवसांनी काम करू लागते, किंवा आज ढग आहेत, किंवा तिच्यावर विश्वास ठेवला तरच गुण येतो, अशी एकेक सबब निघू लागते.

या सबबी फार जुन्या आहेत. गॅलिलिओ या इटालियन शास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध ग्रंथ १६३२ साली छापला गेला. तो संवादरूपाने लिहिलेला आहे. त्यातील साग्रेदो नावाचे पात्र एका माणसाची हकीकत सांगते. चुंबकाच्या सुयांच्या परस्पर ओढीने दोन-तीन हजार मैलांवरील माणसाशी बोलता येईल, अशी एक गुप्त युक्ती तो माणूस साग्रेदोला विकू पाहत होता. साग्रेदोने नकार दिला नाही. आपण ती आनंदाने विकत घेऊ, परंतु आधी प्रयोग पाहू. तुम्ही एका खोलीत बसा, मी दुसऱ्या खोलीत बसतो, तेवढे पुरे, असे तो म्हणाला. विक्रेत्याने उत्तर दिले की, इतक्या थोड्या अंतरावर या युक्तीचा प्रभाव नीट दिसून येत नाही. तेव्हा साग्रेदोने त्याला वाटेला लावले. प्रयोगासाठी कैरोला किंवा मॉस्कोच्या मुलुखात जाण्याची आपली इच्छा नाही. तुम्हीच तेथे जात असाल तर मी व्हेनिसमध्ये बसून दुसरी बाजू सांभाळीन, एवढे मात्र त्याने सांगितले.

या गोष्टीतील शहाणपण आजही कामास येण्यासारखे आहे. साग्रेदोपाशी त्या सुयांच्या शास्त्राचे खंडन करण्याची साधने नव्हती आणि त्याला त्यांची गरजही पडली नाही. जी वस्तू हजार कोसांवर चालते ती शेजारच्या खोलीतही चालली पाहिजे, इतका साधा विचार त्याने केला. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हा विचार करता येतो.

साग्रेदो नव्या गोष्टींचा वैरी होता असेही कोणी समजू नये. १८३७ साली इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी विजेच्या तारायंत्राचा एकाधिकार मिळवला. त्या यंत्रात खरोखरच चुंबकाच्या सुया हलत असत व त्या कोणत्या अक्षराकडे वळतात ते पाहून संदेश वाचला जाई. म्हणजे दोनशे वर्षांनी सुया बोलू लागल्या. पण एका सुईपासून दुसऱ्या सुईपर्यंत तार टाकलेली होती व तिच्यातून वीज वाहत होती. १६३२ च्या विक्रेत्यापाशी दोन टोके होती. मधला मार्ग नव्हता. खरे यंत्र आणि थोतांड यांतील फरक येथे आहे. दळणवळणाचे कोणतेही साधन घ्या. त्याला दोन टोके लागतात आणि मध्ये एक मार्ग लागतो. तिन्हींपैकी एक नसेल तर उरते ती पेटी.

आपल्या हातातील फोनलाही हाच नियम लागू आहे. फोनमधून निघणाऱ्या रेडिओलहरी जवळच्या मनोऱ्यापर्यंत पोचाव्या लागतात आणि मनोऱ्याच्या लहरी फोनपर्यंत याव्या लागतात. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराचा कडा आला की त्याच्या मागे जशी उन्हाची सावली पडते तशीच या लहरींचीही पडते. म्हणून पठाराच्या कडेवर फोन लागतो आणि खाली दरीतल्या पाड्यावर तोच फोन मुका होतो. फोनच्या पाठीस लावलेली चमकदार पट्टी कडा हलवू शकत नाही आणि मनोरा जवळ आणू शकत नाही.

क्षीण लहरी पकडून त्या वाढवणारे खरे यंत्रही असते, हे येथे सांगितले पाहिजे. त्याला घराबाहेर उंचावर एक ॲन्टेना, मध्ये वर्धक व घरात दुसरी ॲन्टेना, असे तीन भाग असतात. परंतु ते यंत्र म्हणजे विहिरीवरचा पंप होय. विहिरीत हातभर पाणी असेल तर पंप ते वर आणील; विहीर कोरडी असेल तर कितीही अश्वशक्तीचा पंप बसवला तरी शेत भिजणार नाही. जेथे रेंज मुळीच नाही तेथे वर्धक काय वाढवणार? शिवाय असे यंत्र खासगी माणसाने परवान्यावाचून बसवणे कायद्याने मना आहे. तो अधिकार परवानाधारक दूरसंचार कंपन्यांचा आहे. त्याचे कारणही शेतकऱ्यास चटकन पटेल. एकाने आपल्या शेतापुरता पाट फोडला की खालच्या सगळ्यांचे पाणी बिघडते. वाटेल तसे बसवलेले वर्धक मनोऱ्याच्या कामात तसाच गोंधळ माजवते, आणि ज्यांना रेंज मिळत होती त्यांचीही तुटते.

काही विक्रेते विज्ञानाची भाषा सोडून सरळ मंत्राची भाषा बोलतात. सिद्ध केलेले यंत्र, अभिमंत्रित पट्टी, असे शब्द कानी आले की महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवावा. या कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. दूरचित्रवाणीवर चमत्कारी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांविरुद्ध एका शिक्षकाने न्यायालयात दाद मागितली होती. एखाद्या वस्तूत अलौकिक शक्ती असल्याचे सांगून तिची जाहिरात व विक्री करणे बेकायदेशीर आहे, असे न्यायालयाने ठरवले. श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या मनाचा विषय आहे. तिचा भाव ठरवून पावती फाडणे हा मात्र व्यापार होतो.

दळणवळणाचे साधन खेड्यात कशाने यशस्वी होते, याचा एक चांगला दाखला आपल्याच प्रांतात आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावातील निवडक मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवीत. पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. रेडिओची पेटी प्रत्येक ठिकाणी सारखीच होती. परंतु एका टोकाला उत्तर देणारे केंद्र होते, दुसऱ्या टोकाला प्रश्न विचारणारा गाव होता आणि मध्ये लहरी पोचत होत्या. प्रयोगाचे बळ यात होते. पुढे १९५९ पासून अशी मंडळे देशात इतरत्रही सुरू झाली.

आता गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींस दोन शब्द. अशी पट्टी घेऊन फसलेल्या माणसाला हसू नका. त्याची गरज खोटी नव्हती. ज्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, त्याच जिल्ह्याच्या डोंगरी भागात फोन लावण्यासाठी माणसाला टेकाडावर चढावे लागते. अडलेल्या बाळंतिणीसाठी किंवा सर्प चावलेल्या मुलासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावायची तर रेंज हवी. खरी सेवा जेथे पोचत नाही तेथे खोटी वस्तू पोचते. रिकाम्या जागेत तण वाढावे तसे हे आहे. नुसते तण उपटून भागत नाही, तेथे पीकही उभे करावे लागते.

म्हणून पैसे गेले यापेक्षा मोठी हानी निराळीच आहे, ती ध्यानी घ्यावी. घरात पेटी आहे, वेळ पडली तर फोन लागेल, अशा भरवशावर जो माणूस रात्री घरीच थांबतो, तो टेकाडावर जाण्याची घटका गमावतो. आजाऱ्याच्या बाबतीत ती घटका परत येत नाही.

यासाठी प्रत्येक पाड्यावर काही गोष्टी आजच करता येतील. कोणत्या टेकाडावर, कोणत्या झाडाखाली, कोणत्या कंपनीची रेंज मिळते हे पाहून ती जागा सर्वांना, मुलांनासुद्धा, दाखवून ठेवावी. रात्री-अपरात्री तेथे कोण जाईल हे आधीच ठरवावे. एक तरी फोन नेहमी भारित असावा. बोलणे तुटत असेल तर लेखी संदेश पाठवून पाहावा. क्षीण रेंजमध्येही तो पुष्कळदा जातो. आपल्या कंपनीची रेंज नसेल पण दुसरीची असेल, तेथे संकटकाळी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. शेतीविषयक शंकांसाठी २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे व तेथे मराठीत उत्तर मिळते; टेकाडावर जाताना चार जणांचे प्रश्न एकदम घेऊन जावेत.

त्याचबरोबर मनोऱ्याची मागणी सोडू नये. जेथे ४जी सेवा पोचली नाही अशा २४,६८० गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. अशा योजनांचा लाभ कागदावर नोंदलेल्या गरजेला मिळतो. बाजारात केलेल्या तक्रारीला मिळत नाही. कोणत्या पाड्यावर किती घरे आहेत, रेंज कोठपर्यंत येते, जवळची रेंजची जागा किती अंतरावर आहे, याची यादी करून ग्रामसभेत ठराव करावा आणि तो तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवून त्याची पोच घ्यावी. हे काम रुक्ष आहे, परंतु दहा घरांनी पट्ट्यांवर घालवलेल्या पैशापेक्षा ते अधिक फळ देईल.

आणि यापुढे पिशवीवाला दारी आला तर त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. त्याला पाणी द्यावे, बसावयास घोंगडी द्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत. या यंत्राचे दुसरे टोक कोठे आहे? मधला मार्ग कोणता? आणि माझ्याच फोनवर, माझ्याच घरात, आत्ता दाखवता का? दाखवले तर पुढील बोलणे करावे, परवाना पाहावा, पक्की पावती मागावी. सबब सांगितली तर पैसे कनवटीलाच राहू द्यावेत. पैसे आधीच गेले असतील तर ग्राहक साहाय्यासाठी १९१५ आणि फोनवरून वा संगणकावरून झालेल्या पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. लाजेने गप्प राहू नये. आपण बोललो तर शेजारचा पाडा वाचतो.